जुन्या पार्टिशन साधनाची देखभाल हाती आली आहे : आधी पोर्ट करावे (दुसऱ्या प्रणालींवर चालते करावे) की आधी घडी नीट बसवावी?

विचारणा
मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील शाळांना जुने संगणक दुरुस्त करून, त्यांवर लिनक्स बसवून देणारा आमचा एक छोटा गट आहे. या कामासाठी आमच्यातील एका ज्येष्ठ मित्राने काही वर्षांपूर्वी सी भाषेत डिस्कचे पार्टिशन करणारे, म्हणजे तिचे स्वतंत्र भाग पाडणारे, एक लहान साधन लिहिले आणि ते जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या किंवा त्यापुढील आवृत्तीखाली सर्वांसाठी खुले केले. साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेली मांडणी वाचायची, डिस्कवर आधीची फाइल सिस्टिम आढळली तर थांबायचे आणि काय होणार आहे ते मराठीत सांगून मगच टेबल, म्हणजे कोणते पार्टिशन कुठे आहे याची नोंद, लिहायचे, एवढेच काम ते करते. हे मित्र आता नोकरीनिमित्त परगावी असल्याने रिपॉझिटरीचा (कोडच्या साठ्याचा) ताबा माझ्याकडे आला आहे. आमच्या गटाबाहेरही काही मंडळी ते वापरतात, हे मला तक्रारी येऊ लागल्यावर कळले.

या तक्रारी वेगवेगळ्या स्वरूपाच्या आहेत. फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या प्रणालीवर प्रोग्राम कंपाइल होतो, परंतु डिस्क उघडल्यावर पहिल्याच वाचनाला 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' अशी चूक येते. एका पॅकेजरने कळवले आहे की एस३९०एक्सवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमवर, चाचणी चालवली असता २०४८ व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवर वाचण्या-लिहिण्याचा सर्वांत लहान तुकडा) सुरू होणारे पार्टिशन ५२४२८८ व्या सेक्टरपासून सुरू होत असल्याचे दिसते. तिसरी तक्रार आमच्या स्वतःच्या कामातली आहे : यूएसबी डॉकमध्ये लावून तयार केलेली ३ टीबीची डिस्क संगणकाच्या साटा केबलला जोडली की तिच्यावरची पार्टिशने गायब होतात आणि पुन्हा डॉकमध्ये लावली की परत दिसू लागतात. शिवाय ६४ बिटच्या लिनक्सवर आमच्या साधनाने लिहिलेले जीपीटी या नव्या पद्धतीचे टेबल इतर साधने सदोष ठरवतात. ३२ बिटच्या लिनक्सवर लिहिलेले मात्र स्वीकारतात.

याखेरीज एका अनोळखी व्यक्तीने विंडोजवर हे साधन चालावे म्हणून बराच मोठा पॅच (कोडमधील बदलांचा संच) पाठवला आहे आणि तो लवकर घ्यावा असा त्यांचा आग्रह आहे. पार्टिशनचा आकार बदलण्याची आणि ते सरकवण्याची सोय द्यावी, अशीही मागणी अधूनमधून होते.

माझा प्रश्न असा की, या कामाचा क्रम कसा लावावा? पोर्टिंग पुढे ढकलून आधी दुरुस्त्या कराव्यात, की पोर्टिंग करताना दुरुस्त्या आपोआप होत जातील असे मानावे? आणि जीपार्टेड, जीएनयू पार्टेड, एफडिस्क यांसारखी भक्कम साधने उपलब्ध असताना हे सांभाळत बसण्यात अर्थ आहे का, तेही स्पष्ट सांगावे. कोड सुमारे चार हजार ओळींचा असून त्यात चाचण्या अशा नाहीतच.


उत्तर
गोदाकाठ (नांदेड)

आपण दिलेल्या चार तक्रारींपैकी तीन तर पोर्टिंगच्या नव्हेतच. त्या मूळ कोडमधल्याच उणिवा आहेत आणि एक्स८६वरील लिनक्सने त्या आजवर झाकून ठेवल्या, इतकेच. म्हणून क्रमाचा प्रश्न मी वेगळ्या रीतीने मांडेन : दुसरी प्रणाली किंवा दुसरा प्रोसेसर हा इथे नवा ग्राहक नसून फुकट मिळालेला तपासनीस आहे, आणि त्याने दाखवलेली चूक आधी घरच्या प्रणालीवर दुरुस्त झाली पाहिजे.

५२४२८८ या आकड्यापासून सुरुवात करू. एमबीआर या जुन्या पद्धतीत, म्हणजे डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, पहिल्या ४४६ बाइट बूट कोडसाठी असतात, त्यानंतर १६ बाइटच्या चार नोंदी येतात आणि शेवटी ५५ एए ही दोन बाइटची खूण असते. प्रत्येक नोंदीतील आठव्या बाइटपासून पुढचे चार बाइट म्हणजे पार्टिशनचा पहिला सेक्टर, आणि ही संख्या लहान बाइट आधी या क्रमाने लिहिलेली असते. त्यामुळे २०४८ ही संख्या डिस्कवर ०० ०८ ०० ०० अशी उमटते. मोठा बाइट आधी मानणाऱ्या प्रोसेसरने हेच चार बाइट सरळ उचलले तर त्यांचे मूल्य आठ गुणिले ६५५३६, म्हणजे ५२४२८८ होते. याचा अर्थ आपल्या कोडमध्ये डिस्कवरून आलेल्या बफरवर थेट स्ट्रक्चरचा पॉइंटर ठेवला आहे. त्यात आणखी एक दोष दडलेला आहे : ४४६ अधिक ८ म्हणजे ४५४, आणि ४५४ ला चारने पूर्ण भाग जात नाही. एक्स८६ अशी वाकडी वाचने निमूटपणे सहन करतो; स्पार्कसारखे प्रोसेसर प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पाडतात. दोन्ही दोषांवर इलाज एकच आहे. चार बाइट एकेक करून वाचायचे आणि शिफ्ट करून संख्या बनवायची, असे एक छोटे फंक्शन लिहा आणि डिस्कवरच्या स्ट्रक्चरला हात लावण्याची पद्धत संपूर्ण कोडमधून हद्दपार करा.

जीपीटीमध्ये हा घोळ अधिक वाढतो, कारण तिथली जीयूआयडी, म्हणजे सोळा बाइटची ओळख-संख्या, अर्धी उलटी आणि अर्धी सुलटी लिहिलेली असते. लिनक्सच्या सामान्य फाइल सिस्टिमच्या प्रकाराची जीयूआयडी पाहा : तिचा दुसरा गट ८४८३, तिसरा ४७७२ आणि चौथा ८ई७९ आहे. डिस्कचा डंप घेतला तर दुसरा आणि तिसरा गट ८३ ८४ ७२ ४७ असे उलटे दिसतात, चौथा मात्र ८ई ७९ असा जसाच्या तसा असतो. पहिले तीन गट उलटायचे आणि पुढचे दोन तसेच ठेवायचे, हा नियम ज्याच्या ध्यानात नसतो तो सोळाच्या सोळा बाइट उलटून बसतो आणि स्वतः लिहिलेले स्वतःच बरोबर वाचत असल्यामुळे त्याला चूक कळतही नाही. म्हणून पडताळणी नेहमी परक्या साधनाकडून करून घ्यावी.

६४ बिटवरची जीपीटीची तक्रार ओळखीची आहे. जीपीटीच्या हेडरची लांबी ९२ बाइट असते. ६४ बिटच्या लिनक्सवर कंपायलर त्या स्ट्रक्चरच्या शेवटी चार बाइटचे पॅडिंग (रिकामी भर) घालतो आणि साइझऑफ, म्हणजे सी भाषेतील आकार सांगणारा शब्द, ९६ सांगतो. ३२ बिटच्या एक्स८६ लिनक्सवर आठ बाइटची संख्या चारच्या पटीत ठेवलेली चालत असल्याने उत्तर ९२ येते. सीआरसी, म्हणजे मजकूर बिघडला का ते ओळखण्याची पडताळणी-संख्या, काढताना साइझऑफ वापरला असेल, तर आपण सांगता तेच लक्षण दिसणार. हेडरमध्ये त्याची लांबी लिहिलेली असते, तीच वापरावी, आणि ही संख्या काढताना हेडरमधला सीआरसीचा रकाना शून्य ठेवावा.

फ्रीबीएसडीची गोष्ट तेवढी खरी पोर्टिंगची आहे. लिनक्सवर ब्लॉक डिव्हाइसच्या मागे पेज कॅश (डिस्कवरची माहिती मेमरीत राखणारी व्यवस्था) असल्याने ४४६ व्या बाइटपासून ६४ बाइट मागितले तरी कर्नल ते देतो. फ्रीबीएसडीने कॅश असलेली ब्लॉक डिव्हाइसेस फार पूर्वीच काढून टाकली. तिथे डिस्कवरचे वाचन सेक्टरच्या पटीतच करावे लागते, अन्यथा आपल्याला मिळाली तीच चूक मिळते. लिनक्सवरही ओ-डायरेक्ट (कॅश टाळण्याचा पर्याय) लावून फाइल उघडली तर अशीच शिस्त पाळावी लागते. तेव्हा पूर्ण सेक्टर वाचावा आणि त्यातून हवे ते बाइट काढावेत.

हे सारे ज्या एका कामाने सोपे होते, ते म्हणजे कोडची विभागणी. एका बाजूला टेबलाचे गणित असावे, ज्याला बाइट, सेक्टरचा आकार आणि डिस्कची लांबी एवढेच ठाऊक असेल आणि ज्यात फाइल उघडण्याचा किंवा आयओसीटीएलचा (डिव्हाइसबद्दल कर्नलला थेट विचारण्याच्या आज्ञेचा) एकही उल्लेख नसेल. दुसऱ्या बाजूला आकार विचारणे, सेक्टरचा आकार विचारणे, वाचणे, लिहिणे, लिहिलेले डिस्कवर पोचवणे आणि कर्नलला नवे टेबल वाचायला लावणे, एवढीच फंक्शने असावीत. जीएनयू पार्टेडच्या लिबपार्टेडमध्ये हीच रचना आहे. तिथे आर्क नावाच्या डिरेक्टरीत लिनक्स, जीएनयू हर्ड आणि बीओएस या प्रणालींसाठी स्वतंत्र फाइली आहेत. पोर्ट करणे म्हणजे अशी एक फाइल नव्याने लिहिणे, एवढेच उरले पाहिजे. उरलेल्या कोडमध्ये प्रणालीच्या नावाने इफडेफ (कंपाइल करताना कोडचा भाग निवडणारी अट) दिसू लागले की समजावे, विभागणी फसली आहे.


उत्तर
डिस्कवाला (जालना)

डॉकच्या तक्रारीबद्दल सांगतो, कारण माझ्या दुकानात हा प्रकार वरचेवर येतो आणि गिऱ्हाइकाची समजूत अशी असते की डिस्क बिघडली आहे. डिस्क ठणठणीत असते. जुन्या प्रणालींना २ टीबीहून मोठी डिस्क एमबीआरने वापरता यावी म्हणून काही डॉक आणि केसिंगमधील चिप डिस्कचा ५१२ बाइटचा सेक्टर संगणकाला ४०९६ बाइटचा म्हणून दाखवते. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटचा असल्याने ५१२ च्या हिशेबाने मर्यादा २ टीबीच्या आसपास येते, ४०९६ च्या हिशेबाने ती आठपट होते. सोय चांगली आहे, पण टेबलातले आकडे सेक्टरमध्ये मोजलेले असतात आणि साटा केबलला जोडल्यावर तोच सेक्टर पुन्हा ५१२ चा होतो. डॉकमध्ये १ एमबीवर सुरू होणाऱ्या पार्टिशनचा क्रमांक २५६ असतो. केबलवर तोच २५६ वा सेक्टर १२८ केबीवर येतो आणि तिथे फाइल सिस्टिमचा पत्ता नसतो.

जीपीटी असेल तर हेडर १ क्रमांकाच्या (मोजणी शून्यापासून) सेक्टरमध्ये, म्हणजे डॉकमध्ये ४०९६ व्या बाइटवर आणि केबलवर ५१२ व्या बाइटवर शोधले जाते. केबलवर ते सापडत नाही, फक्त एमबीआरमधली ईई प्रकारची संरक्षक नोंद दिसते. अशा वेळी बरीच मंडळी 'टेबल खराब आहे, नवे लिहू का?' या प्रश्नाला हो म्हणून मोकळी होतात.

आपल्या साधनात दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. पहिली म्हणजे सेक्टरचा आकार डिव्हाइसला विचारून घ्यावा, ५१२ हा आकडा कोडमध्ये कुठेही ठोकून बसवू नये. त्याच्या जोडीला ३४ हा आकडाही शोधा. ५१२ च्या डिस्कवर जीपीटीची १२८ नोंदींची यादी ३२ सेक्टर खाते म्हणून पार्टिशनसाठी पहिली मोकळी जागा ३४ व्या सेक्टरवर येते. ४०९६ च्या डिस्कवर तीच यादी चार सेक्टरमध्ये बसते आणि मोकळी जागा ६ व्या सेक्टरपासून सुरू होते. दुसरी गोष्ट अशी की, नेहमीच्या जागी हेडर सापडले नाही तर दुसऱ्या आकाराच्या हिशेबानेही 'ईएफआय पार्ट' ही आठ अक्षरांची खूण शोधावी आणि ती सापडल्यास 'ही डिस्क दुसऱ्या जोडणीवर तयार केलेली दिसते' असे सांगून लिहिण्यास साफ नकार द्यावा. जबरदस्तीने लिहिण्याचा पर्याय ठेवायचाच असेल तर तो लांबलचक नावाचा ठेवा.

आकार बदलण्याच्या आणि पार्टिशन सरकवण्याच्या मागणीला माझा विरोध आहे. पार्टिशन टेबल हा सातबारा आहे. त्यावरची नोंद बदलायला क्षण पुरतो, पण आतली माहिती सरकवणे म्हणजे उभ्या पिकासकट शेत हलवणे होय. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, शाळांत इन्व्हर्टर असलाच तर तो मुख्याध्यापकांच्या खोलीपुरता असतो. सरकवण्याच्या मधोमध वीज गेली तर अर्धी माहिती जुन्या जागी आणि अर्धी नव्या जागी राहते, आणि पुढे कुठून सुरू करायचे याची नोंद ठेवणारी यंत्रणा चार हजार ओळींत बसत नाही. पार्टेडसारख्या मोठ्या प्रकल्पाने २०११ मध्ये ३.० आवृत्ती काढताना फाइल सिस्टिमचा आकार बदलण्याचा कोड काढून टाकला होता. पुढच्या आवृत्तीत फॅट आणि एचएफएस प्लसपुरती सोय वेगळ्या लायब्ररीत परत आली. ईएक्सटी४ चा आकार बदलायला ई२एफएसप्रॉग्जमधील रिसाइझ२एफएस आहे, ते त्या फाइल सिस्टिमचीच मंडळी सांभाळतात. ज्याचे काम त्यानेच करावे.

विजेचा विचार टेबल लिहितानाही करावा. जीपीटीच्या दोन प्रती असतात, एक डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी शेवटी. शेवटची प्रत आधी लिहावी, एफसिंक करावे (लिहिलेले डिस्कवर पोचवून घ्यावे), मग सुरुवातीची प्रत लिहून पुन्हा एफसिंक करावे, म्हणजे कोणत्याही क्षणी वीज गेली तरी एक प्रत शाबूत राहते. यासाठी डिस्कच्या टोकापर्यंत पोचता आले पाहिजे. ३२ बिटच्या लिनक्सवर फाइल-ऑफसेट ६४ बिटचा करून कंपाइल केले नसेल तर २ जीबीच्या पुढे जाताच येत नाही, आणि मग आधी सुरुवातीची प्रत लिहिणारे साधन ती लिहून मोकळे होते आणि शेवटच्या प्रतीपाशी अडकते. जुन्या संगणकांसाठीच साधन असल्याने हे तपासून घ्या.


उत्तर
सीमारेषा (छत्रपती संभाजीनगर)

वरील दोन्ही उत्तरे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहेत, पण मूळ विचारणेतील शेवटच्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही. मजकूर-फाइलीतून मांडणी वाचून ती अनेक डिस्कवर उतरवणे हे काम एसएफडिस्क हे लिनक्सवरचे साधन नेमके करते. त्याच्यामागची लिबएफडिस्क ही लायब्ररी यूटिल-लिनक्स या साधनसंचाच्या २.२६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, इतर प्रोग्रामना वापरता येते आणि तिचा परवाना एलजीपीएल (जीपीएलचे अधिक सैल रूप) असल्याने आपल्या जीपीएल कोडशी तिचे भांडण नाही. लिबपार्टेड घेतल्यास ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली असल्याने जोडलेला संपूर्ण प्रोग्राम व्यवहारात तिसऱ्या आवृत्तीखाली जाईल. आपला परवाना 'किंवा त्यापुढील' असल्याने ते शक्य आहे, पण ज्यांनी आजवर पॅच दिले त्यांपैकी कोणी 'फक्त दुसरी' असे लिहून ठेवले आहे का, ते आधी पाहा.

म्हणजे लिनक्सपुरता विचार केला तर बाइट उलटसुलट करण्याची, सीआरसीची, ४०९६ ची सगळी डोकेदुखी लिबएफडिस्ककडे सोपवून आपण फक्त मराठी संवाद आणि 'आधीची फाइल सिस्टिम दिसली तर थांबा' हा भाग सांभाळू शकता. मला तरी हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. फ्रीबीएसडीवर स्वतः डिस्कवर टेबल लिहिण्याऐवजी जिऑम या त्यांच्या व्यवस्थेला विनंती करावी, जीपार्ट ही त्यांची आज्ञा तेच करते. डिस्कवरचे एखादे पार्टिशन माउंट केलेले असताना थेट लिहू पाहिले तर जिऑम नकार देते, आणि मग कोणीतरी कर्नलच्या डिबग फ्लॅग्जमध्ये १६ टाकण्याचा सल्ला देतो. हा सल्ला आपल्या मॅन पेजमध्ये (साधनाच्या माहितीपानात) चुकूनही येऊ देऊ नका. ते कवच काढून टाकण्याचेच बटण आहे.

आता पॅच पाठवणाऱ्या व्यक्तीच्या आग्रहाबद्दल. त्यांच्या हेतूबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. मात्र मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात घुसवलेला चोरदरवाजा उघड झाला, तेव्हा पद्धत हीच होती : एकट्याने सांभाळणारा दमलेला मेंटेनर, घाई करणारी मंडळी, आणि हळूहळू विश्वास कमावून अधिकार मिळवणारा सहकारी. त्यातला महत्त्वाचा दुवा गिटमध्ये (कोडच्या सार्वजनिक साठ्यात) नव्हताच, ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या संचात) घातलेल्या बिल्डच्या फाइलीत होता. आपले साधन रूट अधिकाराने चालते आणि शाळांच्या डिस्कवर लिहिते. तेव्हा टारबॉल गिटच्या टॅगपासूनच तयार व्हावा, त्यावर सही असावी, आणि कमिट करण्याचा अधिकार पॅचच्या आकारावरून कोणालाही देऊ नये.


मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साइझऑफची शंका तपासली, ती खरी निघाली. कोडमध्ये नेमके तेच आहे. ३४ हा आकडाही तीन ठिकाणी सापडला.

सीमारेषा यांची सूचना मला पटते, पण एक अडचण आहे. आमच्या पेन ड्राइव्हवरील लिनक्स मुद्दाम छोटे ठेवलेले असल्याने लायब्ररी जितक्या कमी तितके बरे, आणि फ्रीबीएसडीवर आमचे साधन वापरणारे दोघे-तिघे चांगले चाचणीकर्ते आहेत, त्यांना वाऱ्यावर सोडावेसे वाटत नाही. शिवाय खरे सांगायचे तर एवढा छोटा कोड नव्या मुलांना वाचून समजतो, मोठ्या प्रकल्पाच्या कोडसमोर ती बिचकतात.

दोन गोष्टी अजून विचारतो. चाचण्यांसाठी आमच्याकडे ना मेनफ्रेम आहे ना ४०९६ बाइटच्या सेक्टरची खरी डिस्क, मग त्या कशा कराव्यात? आणि जीपीटीमध्ये पार्टिशनला देवनागरी नाव दिले असता ते कधी कधी शेवटी तुटते. 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा संगणक कक्ष' हे नाव दिले तर शेवटच्या शब्दाचे फक्त 'कक्' उरते. शिवाय यादी छापताना रकाने वाकडेतिकडे होतात.


उत्तर
गोदाकाठ (नांदेड)

आपली कारणे ग्राह्य आहेत. दोन्ही मार्गांचा मेळ असा घालता येईल : टेबलाचे गणित आपलेच ठेवा, पण लिबएफडिस्क आणि एसजीडिस्क (जीपीटीसाठीचे दुसरे एक साधन) यांना परीक्षक म्हणून वापरा.

चाचणीसाठी खरी डिस्क लागत नाही. ट्रंकेट या आज्ञेने ३ टीबी लांबीची विरळ फाइल तयार करा. जिथे लिहिले जाईल तेवढीच जागा ती प्रत्यक्षात व्यापते. टेबलाचे गणित वेगळे काढलेले असेल तर बहुतेक चाचण्या अशा फाइलीवर रूट अधिकाराशिवाय चालतात. डिव्हाइसचा भाग तपासायला लोसेटअपने ती फाइल लूप डिव्हाइस म्हणून जोडा आणि जोडतानाच सेक्टरचा आकार ४०९६ सांगा, किंवा कर्नलमधील स्कझी-डिबग हे मॉड्यूल त्याच आकाराने लोड करा. तयार झालेले टेबल एसजीडिस्कच्या पडताळणीतून आणि एसएफडिस्कच्या डंपमधून काढावे आणि अपेक्षित मजकुराशी ताडून पाहावे. मेनफ्रेमच्या बाइट-क्रमासाठी क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या यूजर-मोडमध्ये एस३९०एक्ससाठी कंपाइल केलेली चाचणी आपल्या लॅपटॉपवरच चालते. खऱ्या यंत्राचीच गरज पडली तर जीसीसी कंपाइल फार्म मुक्त प्रकल्पांच्या विकासकांना वेगवेगळ्या प्रोसेसरच्या यंत्रांवर खाते देते, तिथे अर्ज करा.

बिघडलेल्या टेबलांच्या चाचण्या मात्र विसरू नका. एमबीआरमधील लॉजिकल पार्टिशनांची साखळी पुन्हा स्वतःवरच वळवून पाहा. साखळीची लांबी न मोजणारा प्रोग्राम तिथे अनंतकाळ फिरत राहतो. जीपीटीच्या हेडरमध्ये नोंदींची संख्या चार अब्जांच्या घरात लिहून पाहा आणि आपला कोड तेवढी मेमरी मागतो का ते बघा. एएफएलसारखे फझर, म्हणजे मुद्दाम वेडेवाकडे इनपुट देऊन पाहणारे साधन, अशा फाइली स्वतःच तयार करते आणि आपल्या वाचकाला भरवते.


उत्तर
मात्रावेलांटी (परभणी)

नावाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. जीपीटीच्या प्रत्येक नोंदीत नावासाठी ७२ बाइट असतात आणि नाव यूटीएफ-१६ मध्ये, दोन-दोन बाइटच्या एककांत, लिहितात, म्हणजे ३६ एकके मिळतात. देवनागरीत अक्षर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र एकक लागते. 'जिल्हा' या शब्दालाच सहा लागतात. आपले संपूर्ण नाव मोकळ्या जागांसह ३७ एककांचे आहे. म्हणून शेवटचा 'ष' बाहेर राहतो आणि 'क' हलन्तासह लटकतो. कापायचेच असेल तर ३६ च्या आतील शेवटच्या पूर्ण अक्षरगटापाशी कापावे. त्याहून चांगले म्हणजे कापूच नये, नाव लांब असल्याचे सांगून वापरणाऱ्याला दुसरे विचारावे. बाइटचा क्रम इथेही लहान आधी असाच असतो, त्यामुळे एस३९०एक्सवर नावेही उलटी होत असणार, ते तपासा.

रकाने वाकडे होतात कारण प्रिंटएफ रुंदी बाइटमध्ये मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक एकक तीन बाइटचे असते. डब्ल्यूसीएसविड्थ वापरून पडद्यावरची रुंदी काढा आणि उरलेल्या मोकळ्या जागा स्वतः भरा. तरीही टर्मिनलागणिक जोडाक्षरांची रुंदी बदलते, म्हणून नावाचा रकाना सर्वांत शेवटी छापणे हाच खात्रीचा उपाय आहे. आणखी एक : ग्राफिक पडद्याविना चालणाऱ्या लिनक्सच्या साध्या कन्सोलवर देवनागरी जुळत नाही. तिथला फाँट जास्तीत जास्त ५१२ चिन्हांचा असतो आणि मात्रा-जोडाक्षरे बसवण्याची यंत्रणाच नसते. तेव्हा पेन ड्राइव्हवरील लिनक्स साध्या कन्सोलमध्ये सुरू होत असेल, तर मराठी संदेशांसाठी फ्रेमबफरवरचे एखादे टर्मिनल किंवा छोटा ग्राफिक पडदा द्यावा लागेल.


उत्तर
गोदाकाठ (नांदेड)

मात्रावेलांटी यांच्या उत्तरात भर घालण्यासारखे काही नाही. विंडोजच्या पॅचबद्दल माझे मत राहिले होते, ते सांगतो.

सीमारेषा यांचा इशारा योग्य आहे, तरी पॅच सरसकट फेकून देऊ नये असे मला वाटते. विंडोजवर डिस्कवर लिहिण्यापूर्वी तिच्यावरचे प्रत्येक व्हॉल्यूम लॉक करून डिसमाउंट करावे लागते. फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली गेली तर ०ए या बाइटच्या आधी ०डी घुसतो आणि टेबलाचा चुथडा होतो. आणि ६४ बिटच्या विंडोजवरही 'लाँग' हा प्रकार ३२ बिटचाच असतो, त्यामुळे त्यात ठेवलेला डिस्कचा आकार कापला जातो. हे तिन्ही मुद्दे पॅचमध्ये सांभाळले आहेत का, ते पाहा. लेखकाला असे उत्तर लिहावे की टेबलाचे गणित वेगळे झाल्यावर विंडोजसाठी फक्त डिव्हाइसची फाइल, तीही केवळ वाचण्यापुरती, स्वीकारली जाईल. लिहिण्याचे फंक्शन तिथे चूक परत करून थांबेल, आणि विंडोजवर नियमित चाचणी चालवणारी व्यक्ती पुढे आल्यावर, त्या चाचण्यांचे निकाल सर्वांना दिसू लागल्यावरच, ते उघडले जाईल. खरोखर काम करू इच्छिणारा माणूस ही अट मान्य करतो.